मोजदाद

सकाळी साडेसातला डबे येतात.
झाकणावर नंबर, काहींवर नुसतंच नाव,
एकावर चिकटलेला ओमेना माशाचा खवला.
जाळीतून गाळायचं, काचेवर चेपायचं,
वर हिरव्या औषधात भिजलेला पारदर्शक कागद.
मग डोळा लावून मोजत बसायचं
एका कुशीला काटा असलेली अंडी.

लोलवेच्या या काठाला कुणाच्या पोटात ती नाहीत?
गोगलगाईतून पाण्यात, पाण्यातून पोटरीत,
तिथून आतड्याच्या शिरांत जोडीनं बिऱ्हाड,
मादी नराच्या घडीत, वर्षानुवर्षं.

ओगोला वाळू उपसतो,
वीस वर्षं, छातीभर पाण्यात:
अठ्ठेचाळीस.
त्याचा ओबुरा, अकराचा,
शाळा सुटल्यावर नुसता डुंबणारा:
चारशे बत्तीस.
काच बदलून मी पुन्हा मोजलं होतं.

किसुमूच्या डॉक्टरीणबाई रक्तही नेतात, बर्फात.
म्हणतात, मूत्रपिंडावर टोपीसारखी एक ग्रंथी असते,
वयात येताना तिचा रस रक्तात चढतो,
आणि जंतांना ते घर पूर्वीसारखं मानवत नाही.
का?
कातडी राठ होत असेल, अजून शोधतोय, म्हणाल्या.
मला बरं वाटलं.
इथे सगळ्यांना सगळं आधीच ठाऊक असतं.

परवा ओबुरा स्वतः डबा घेऊन आला. चौदा पुरी.
गेल्या वर्षी शाळेत गोळ्या वाटल्या,
तेव्हापासून बारकी पोरं पुन्हा भरलीत, गच्च.
काही विचारलं की हा मान हलवतो.
तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला, "हो,"
आणि ते एवढंसं "हो"
निम्म्यातच बापाच्या आवाजात उतरलं.
दचकून त्यानं दाराकडे पाहिलं.

बहात्तर.

घरात कुणाला कळायच्या आधी
मला आकड्यात कळतं:
कुणाला मिसरूड फुटणार,
कुणाच्या बहिणीला आता आरसा लागणार.
हे रजिस्टरात लिहायला रकाना नाही.

संध्याकाळी ओगोला दारात,
चड्डीतून पाणी निथळतंय.
मागे होडीत दोन फावडी. एकाचा दांडा
नवा, पांढरा, अजून हात न लागलेला.
"पोराचं काय निघालं?"
रजिस्टर मिटत मी म्हणाले,
जंत कमी झालेत.
"म्हणजे?"
म्हणजे काही नाही.
गोळ्या लागू पडल्या.