आळं

देब्रे बिरहानला पहाटे हिव पडतं
तेव्हा नळाचं पाणी सुईसारखं बोचतं.
मी आधी सातूचं पीठ भाजायला घेते.
रंग बघत नाही, वास बघते.
पोत्याचा गेला, बिस्किटाचा आला
की तवा खाली.

निलगिरीची लाकडं धूर फार करतात.
डोळे पुसले की शिफेराव विचारतो, "रडतेस?"
मी म्हणते, "ढवळ."
लग्नाला एकतीस वर्षं झाली
तरी त्याच्या हातून गाठी होतातच.
त्या मी दांड्याने पातेल्याच्या काठावर चिरडते,
एकेक,
त्याचं नाव घेत.

गेतनेत रात्री अडीचला आला.
जिबूतीहून ट्रक, अंगाला डिझेलचा वास,
बुटांसकट झोपला.
मेअझा पाचला उठली,
त्या बुटांना वळसा घालून गेली.
सात महिने झाले,
दोघं माझ्या तोंडून बोलतात.
"त्याला सांग, पाणी तापलंय."
"तिला सांग, ऐकू आलं."

भांडण पत्र्यांचं.
त्याने छपरासाठी पैसे धाडले,
तिने शिलाई मशीन घेतलं.
छप्पर कोपऱ्यात अजून गळतं,
आणि त्या गळतीखालच्या बादलीशेजारी बसून
तिने शिवलेल्या गणवेशांवर
आमचं यंदाचं वर्ष निघालं.
त्याचंही खरं, तिचंही खरं.
खऱ्याला खरं भिडलं
तर आईने काय करायचं?
नाश्ता.

गेनफो घट्ट हवा, दांडा उभा राहील इतका.
ओल्या हाताने गोळा थापायचा,
झोपेतल्या पोराच्या पाठीवर थापतो तसा,
आणि मधोमध आळं करायचं.
आळ्यात लोणी, मसाल्यात कढवलेलं,
त्यावर बेरबेरेचं लाल तिखट,
विझत्या निखाऱ्यासारखं.
आज मंगळवार.
उद्या उपास, लोण्याचं नावही काढायचं नाही,
म्हणून आज हात आखडला नाही.

थाळा एकच.
आम्ही चौघं, आणि मेअझाची महलेत, चार वर्षांची.
नियम साधा: आपल्या बाजूने खायचं,
कडेकडेने, लोण्यात बुडवून.
भिंत फोडायची नाही.
माझ्या हातून पहिल्या वर्षी फुटली होती,
तेव्हा सासूने नणंदांसमोर मला
"घाईची सून" म्हटलं, ते म्हटलंच.

दोघं समोरासमोर बसले.
जागा मीच दाखवल्या होत्या.
तो खातो भराभर, गाडी चालू ठेवल्यासारखा,
ती हळूहळू, शिवण उसवावी तशी.
दोन्हीकडून भिंत बारीक होत गेली.
शिफेराव काही बोलला नाही.
त्याला बोलायचं असतं तेव्हा तो चहा ओततो.
माझा पेला तिसऱ्यांदा भरला.

मग महलेतने बोट घातलं.
मुद्दाम का, ते विचारू नका.
भिंत बसली
आणि लोणी, सगळंच्या सगळं,
गेतनेतच्या बाजूने वाहून गेलं.

मेअझाच्या पुढ्यात नुसता कोरडा गोळा.
तिने त्याच्याकडे बघितलं,
मला मध्ये न घेता.
त्याने घास मोडला,
लोण्यात घोळवला, पुन्हा घोळवला.
आमच्याकडे घास जितका मोठा तितकी माया,
आणि हा तर
दोन माणसांच्या तोंडाचा होता.
हात पुढे केला.
लोणी मनगटावरून बाहीत शिरलं.

ती म्हणाली, "आई, त्याला सांग—"
तोंड उघडं होतं तेवढ्यात
घास आत.

चावायला वेळ लागला.
तोंड भरलेलं असताना
कुणाला भांडता येत नाही.
गिळून झाल्यावर म्हणाली,
"बाही वर कर आधी. हा शर्ट धुवायचा कुणी?"
हे तिने
त्यालाच सांगितलं.

पत्र्यांचा विषय निघाला नाही.
निघेल.
बादली अजून तिथेच आहे.
शिफेरावने थाळ्याच्या तळाची खरवड काढली,
बोटांनी चाचपत गाठी मोजल्या.
"तीनच," म्हणाला,
आणि माझा पेला
चौथ्यांदा भरला.