पाव आटा

लक्ष्मीपुरीत जिन्याखाली माझं दुकान.
पारीसा चौगुले आला तो कॅसेट रुमालात बांधून,
प्रसादासारखी.
"काकांचा आवाज आहे. मार्केट यार्डातला, गुळाचा सौदा.
कुठंच नीट लागत नाही."

फितीमागचं फेल्ट गळालेलं.
जुन्या पेटीच्या पट्टीखालचं कापून चिकटवलं.
स्पिरिटचा बोळा हेडवरून फिरवला
तर काकवीच्या रंगाची पूड निघाली, बोळ्यामागून बोळा.
रबरी रोलर पुसला. बेल्ट नवा घातला.
फीत आता अडखळत नव्हती,
पण आवाज पोत्याआडून यावा तसा.

माझ्या डेकचं हेड सरळ आहे, गेल्याच महिन्यात लावलंय.
वाकडं होतं ते भरणाऱ्या यंत्राचं,
आणि वाकड्यानं भरलेलं
सरळाला ऐकू येत नाही.
इलाहीचाचा शिकलगार शिकवताना म्हणायचे,
"माणसाचा आवाज ऐकत बसू नको, पोरा. खरखर ऐक.
खरखर उजळली की माणूस आपसूक येतो."

बायकोच्या नेलपॉलिशनं स्क्रूवर खूण केली,
बारीक पेचकस लावला.

पारीसा स्टुलावर पुढं सरकला.
"एवढंच बघायचं, आमच्या रव्यांना काका काय बोलले.
वडलांच्या हातात पाचशेनं पैसे पडले.
ते मरेस्तोवर म्हणत होते, सातशे पुकारला होता.
दोन घरांचं जाणंयेणं तुटलंय त्यावरनं."
फितीत नुसतंच: आ... शे. आ... शे.

पाव आट्याला खरखर पसरली
चुलवणावर रस उकळी धरतो तशी.
तराजूच्या साखळ्या किणकिणल्या.
कुणाची तरी चप्पल करकरत लांब गेली.
मग काका खाकरले,
घसा मोकळा, अगदी टेबलाशी.

आणि आधी नव्हतं ते एक अक्षर आलं, धारदार.
मी पारीसाकडं बघितलं नाही.
काउंटरकडं बघितलं: एकशे सेहेचाळीस.

तो बराच वेळ रुमालाची घडी घालत बसला.
उघडायचा, परत घालायचा.
शेवटी म्हणाला,
"आता होतं तसं करा."
"डेक?"
"डेक. आन् कॉपी काढू नका."

खुणेला खूण जुळवली.
साखळ्या गेल्या, चप्पल गेली,
काका पुन्हा पोत्याआड गेले.

किती झाले, विचारलं त्यानं.
मी फेल्टचे तेवढे घेतले.