आड यायचं का?

या महिन्यात मी लिहिलेले फक्त तीन शब्द खेळात टिकले होते :
'आड यायचं का?'
खाली दोन चौकोन. हो. नाही.

ब्रनोमधल्या बंद सूतगिरणीचा तिसरा मजला,
रेडिएटरवर कुणाचे तरी मोजे,
आणि ज्दिस्लावा खडू घेऊन फळ्यासमोर.
खेळ पाळीपाळीचा. चार भिडू इकडे, लांडगे तिकडे.
चौघांतली ढालकरीण स्वातावा. तिची एकच विद्या :
सोबत्यावर घाव पडताना मध्ये जाऊन उभं राहायचं.
घाव तिला, दमही तिचाच जाणार,
वर पुढची पाळी हुकणार.
सक्ती नाही. म्हणून तर पंचाईत.

आधी आम्ही दर घावाला विचारलं.
एका टोळीत चौदा वेळा माझे ते तीन शब्द.
पाचव्या खेपेपासून वोयमीर न वाचताच 'हो' दाबायला लागला,
जेवताना माशी वारावी तसा.
याला होकार म्हणायचा?

मग एकदाच विचारलं, सुरुवातीला :
नेहमी की कधीच नाही?
लोकांनी 'नेहमी' निवडलं आणि विसरून गेले.
स्वातावा ससा चावायला आला तरी आडवी गेली,
आणि खिंडीतला राक्षस हात उगारून उभा राहिला तेव्हा
ही मागे, गुडघ्यांवर, धापा टाकत.
चाचणीच्या कागदावर कुणीतरी लिहिलं, 'बाई बावळट आहे.'
ज्दिस्लावाला ते लागलं. घरचं माणूस असल्यासारखं.

मग अटींचा तक्ता. जीव तिसऱ्या हिश्श्याखाली असेल तर,
घाव विषारी असेल तर, मांत्रिक असेल तर पण धनुर्धर नसेल तर...
प्राप्तिकराचा फॉर्म बरा.
वोयमीर म्हणाला, लढाई आता तक्ताच लढतोय,
खेळणारा नुसता लिंबूटिंबू.

गुरुवारी ओताकार ह्रुबेश आले.
एकतीस वर्षं ट्राम चालवलेली. इथे तिला शालिना म्हणतात.
उजव्या हाताची दोन बोटं आता वाकत नाहीत.
पिशवीतून पाव काढला, अर्धा मला दिला,
दोन लढाया हरले आणि म्हणाले :
'आमच्या पायाखाली एक पट्टी असायची.
गाडी पळवायला नव्हे.
मी शुद्धीवर आहे एवढंच गाडीला कळावं म्हणून.
पाय सुटला की गाडी थांबणार.
"थांबायचं का, साहेब?" असं कुणी विचारलं नाही कधी.
विचारलं असतं तर वेड लागलं असतं.
पण पाय माझा होता. दर क्षणाला माझाच.'

त्या रात्री ज्दिस्लावानं माझे तीन शब्द पुसले.
आता शत्रूचा हात वर गेला
की खांद्याचं बटण धरून ठेवायचं : स्वातावा जागेवर.
सोडलं : ती निघाली.
आम्ही टाळ्या वाजवल्या, वोयमीरनं बियर आणली.

पुढच्या गुरुवारी ह्रुबेशांच्या बोटांतून बटण निसटत राहिलं.
सशासाठी गेली. पडलेल्या काठीसाठी गेली.
तक्रार नाही केली त्यांनी. पडद्याकडे बघत एवढंच म्हणाले,
'माझ्या हातात ही फार दयाळू होते.'

कुणी हसलं नाही.
पट्टीची गोष्ट सांगणाऱ्याच्याच पायाखालून
आम्ही पट्टी काढून घेतली होती.

आता एकदा दाबायचं, धरायचं नाही.
दाबलं की तिच्या ढालीवर दिवा पेटतो,
पुन्हा दाबलं की विझतो,
कुणाचीही पाळी असो, अगदी घाव हवेत असतानाही.
दिवा दिसला की ती जाणार. बस.
शब्द एकही नाही. माझा पगार तेवढाच आहे, काळजी नसावी.

राहिलंय ते एवढंच : खेळ पहिल्यांदा उघडेल तेव्हा
दिवा पेटलेला असावा की विझलेला?
वोयमीर म्हणतो विझलेला, ज्याचं त्यानं ठरवावं.
ज्दिस्लावा काही म्हणत नाही.
फळ्यावर तो चौकोन अजून कोरा आहे,
आणि पुसणारी बाई रोज त्याच्या कडेकडेनं पुसते.