हजेरीपट

मौमेरेहून सिस्टर प्रुदेन्सियांनी तक्ता पाठवला,
नळीत गुंडाळून, खोबऱ्याच्या ट्रकमधून.
उलगडला तर सात बायका.
झगे लांब, पाय उघडे, चेहरे गोरे,
आणि प्रत्येकीच्या हातात काहीतरी.

छडी पहिलीवर ठेवली. श्रद्धा, म्हटलं.
श्रद्धा, म्हणाली एकोणतीस तोंडं.
आशा. आशा. प्रीती. प्रीती.
पाठांतराला आमची मुलं पक्की.
कड्यावरच्या शेळ्यांसारखी शब्दांवरून जातात,
पाय घसरत नाही,
खाली काय आहे ते बघत नाहीत.

अडलं ते पुढे.
आरसा धरलेली सुज्ञता:
"ही नटवी आहे का, बू?"
एका सुरईतून दुसरीत पाणी ओतणारा संयम:
"तिला सांगा ना, ऑक्टोबर आहे. सांडेल."
मग डोळ्यांवर पट्टी, हातात तराजू.
वर्ग गप्प.
तराजू त्यांच्या ओळखीचा.
बंदरावर व्यापाऱ्याच्या पडवीत टांगलाय,
बापाचं खोबरं त्यात चढलं की हलकं होतं.
"पट्टी कशाला?" ओक्ता म्हणाला.
"तिला तर कुणीही फसवेल."

मी फळ्यावर लिहिलं:
न्याय म्हणजे ज्याचं त्याला देणं.
अक्षर चांगलं आलं.

संयमाला घरच्या बोलीतला शब्द मला कधी सापडला नाही.
गेल्या वर्षी योविता म्हणाली होती,
"आई सुताला ताडाच्या पातीने गाठी मारते, तसं का?
गाठ असते तिथे नीळ शिरत नाही.
सगळं काळंनिळं झालं की गाठी सोडायच्या,
मग फूल दिसतं."
मी ते वहीत उतरवून घेतलं.
शिक्षकाने मुलांचं चोरलं तर त्याला पाठाची तयारी म्हणतात.

योविता तीन महिने शाळेत नाही.
आई सबाहला, ताडतेलाच्या मळ्यावर,
माग भिंतीला टेकून उभा,
आणि जुळी भावंडं अजून रांगतात.
हजेरीपटात मात्र ती रोज येते.
रोज सकाळी तिच्या नावापुढे मी एक उभी रेघ ओढते,
कारण रेघा मोजून तांदूळ मिळतो,
आणि रेघा कमी पडल्या तर नाव कटतं.
शुक्रवारी तांदूळ मीच पोचवते.
ह्यात माझं काही नाही.
हे वाक्य इतक्यांदा म्हटलंय
की त्याला जपमाळेची लय आलीय.

आज ओक्ता वही ठेवायला टेबलाशी आला.
पट उघडा होता.
त्याला वाचता येतं. मीच शिकवलं.
"बू, योविता आज आली होती?"

हळूच विचारलं, कुणाला ऐकू जाणार नाही असं,
जसं मी त्याला विचारलं होतं
देवळाच्या पेटीतल्या नाण्यांबद्दल.
तेव्हा त्याने लगेच सांगून टाकलं होतं.
मी म्हटलं, जा, घंटा झाली.
घंटा झाली नव्हती.

शाळा सुटल्यावर वर्गात सात बायका आणि मी.
रेघ शाईची आहे, रबराने जात नाही.
रविवारी फादर येतील डोंगरापलीकडून, मोटारसायकलवर,
मिस्सेआधी अर्धा तास बाकावर बसतील.
काय सांगू त्यांना?
खोटं लिहिलं हे सांगता येईल.
सोमवारी पुन्हा लिहीन, हे कसं सांगू?
पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही,
हे चौथीला मीच घोकून घेते
पहिल्या कम्युनियनच्या आधी.

फाटकाशी ओक्ता उभा होता, अजून.
मी पिशवी पुढे केली. एक बंद तू धर.
चढ आहे, आणि वाटेत ज्वालामुखीची राख,
पाय रुततात.
तो बराच वेळ काही बोलला नाही.
मग: "किती आहे?"
चार किलो, म्हटलं. मोजून घेतलाय.
"कुठल्या तराजूत?"