माया

कंपू-पश्चिम हा मतदारसंघ
आता फक्त ग्वाल्हेरच्या कचेरीत आहे,
डावा रॅक, खालून दुसरा कप्पा,
वाळवीच्या पावडरीचा वास.
पहिली निवडणूक बावन्नची. शेवटची दोन हजार तीनची.
मग वरून नवी हद्द आली:
नाल्याअलीकडचं दक्षिणेला, पलीकडचं पूर्वेला,
आणि स्मशानाजवळची चार घरं
पहिल्या यादीत राहूनच गेली.

श्रीपत बगाडे अधूनमधून येतात.
चारदा अपक्ष उभे, चिन्ह शिलाई मशीन,
चारदा अनामत जप्त.
शेवटच्या खेपेला तीनशे अकरा मतं.
"भावकी, गिऱ्हाइकं धरून दोनशे ऐंशी.
वरची एकतीस माणसं कोण गं, पोरी?"
मी निकालपत्रक उघडते.
बूथ सतरा, कन्याशाळा: नऊ.
नावं नसतात यात, काका.
ठाऊक आहे म्हणतात,
आणि त्या नवावर बोट ठेवून बसतात.

आज जुना नकाशा मागितला.
टेबलावर पसरून तळहातानं सुरकुत्या काढल्या,
चष्मा कपाळावर सारून
कुणीतरी तांबड्या पेन्सिलीनं ओढलेली नवी रेघ
नाकाशी आणून पाहिली.
कुणाच्या अंगणातून, कुणाच्या न्हाणीतून गेलेली.
"बेतणारा हुशार आहे," म्हणाले,
"कात्री कुठं अडखळली नाही.
शिवणीला माया तेवढी ठेवली नाही.
उद्या सैल करायचं म्हटलं
तर धरणार काय?"

घडी मात्र त्यांनीच घातली,
ब्लाउजपीसची घालतात तशी, कडेला कड.
मी रजिस्टरात लिहिलं:
नकाशा परत. स्थिती चांगली.