एका दमात

पहिल्यांदा दुधानं सांगितलं.
गंगावेशीच्या कट्ट्यावर, रात्री साडेनऊला,
म्हैस तिथंच उभी, पेल्यात ऊन ऊन फेस.
तोंडाला लावला
आणि दूध नाकातून बाहेर आलं.
सगळी हसली. मीही हसायला गेलो,
तर ओठ वर जाईनात, दात तेवढे दिसले.
दत्तोबा म्हणाला, चिडतोस काय गा?

मग व्हर्नियरवर दोन रेघा दिसायला लागल्या.
उद्यमनगरात वीस वर्षं मी
दोन शतांशासाठी जॉब परत पाठवत आलो,
आता शून्यालाच जोडीदार.
मगदूम शेठ म्हणाले, चष्मा बदला.
दोन बदलले.
सकाळी मी धडधाकट. चारनंतर
डावी पापणी शटरसारखी आपणहून खाली.

रोगाचं नाव मिरजेला कळलं.
लांबलचक, जिभेला न पेलणारं,
आणि संध्याकाळी माझ्या जिभेला
'भाकरी'सुद्धा पेलत नाही.
तुमचंच रक्त नसांचा निरोप
स्नायूंपर्यंत पोचू देत नाही, डॉक्टर म्हणाल्या.
घरचाच पोस्टमन पत्रं फाडतोय,
असं मी वैजयंताला सांगितलं.
ती हसली नाही.

दिवसाला चार गोळ्या, गजर लावून.
गोळीनं लाळ सुटते, पोटात मुरडा येतो,
डोळ्यांत पाणी येतं.
म्हणून सहा महिने कुणाला कळलं नाही
की त्यातलं काही पाणी गोळीचं नव्हतं.
चेहरा आधीच पडलेला.
आत आणखी काही पडलं, त्याचा आवाज झाला नाही.

घरच्या घरी मोजायला शिकवलं होतं:
छाती भरून श्वास घ्या, एका दमात आकडे म्हणा.
वीसच्या खाली आलात तर दवाखाना गाठा.
तेव्हापासून रात्र म्हणजे उजळणी.
एकतीस.
पुन्हा. अठ्ठावीस.
पुन्हा. सव्वीस, आणि धडधड.
हे कमी कशानं झालं? रोगानं, भीतीनं,
की नुसतं मोजून मोजून?
दोघंही कडी सारखीच वाजवतात.

दोनदा रात्री रिक्षा करून सीपीआरला गेलो.
बोटाला चिमटा लावला. अठ्ठ्याण्णव.
काका, सगळं ठीक आहे, नर्स म्हणाली.
त्या 'ठीक आहे'ची लाज घेऊन घरी आलो.
तिसऱ्यांदा नळी घालावी लागली.
अकरा दिवस माझा दम मशीननं घेतला.
आता 'घाबरू नको' म्हणणाऱ्याला काय सांगू?

राजारामपुरीत मनाचे डॉक्टर आहेत.
पहिल्या दिवशी बोर्डाखालून दोनदा पुढं गेलो,
समोरच्या दुकानात पाव किलो चिवडा घेतला,
जो मला चावताही येत नाही.
गोळी लिहिण्याआधी त्यांनी मिरजेला फोन लावला.
म्हणाले, ह्या रोगात हात राखून लिहावं लागतं.
माझं मन माझ्याच अंगात राहतं
हे दुसऱ्या कुणाला तरी माहीत होतं.

काल पुन्हा मोजत होतो,
भिंतीकडं तोंड करून, ओठांतल्या ओठांत.
सतरा. अठरा.
दम होता. हुंदक्यानं थांबलो.

अंधारातून वैजयंता म्हणाली,
एकोणीस.
किती रात्री जागी आहे, विचारलं नाही.
वीस, ती म्हणाली, एकवीस,
भिशीचे पैसे मोजावेत तशी, बिनघाईची,
बावीस, तेवीस,
बाहेर कुणाची तरी मोटरसायकल सुरू होईना,
एकोणचाळीस, चाळीस.

एक्केचाळीसला तिलाही ठसका लागला.