शुद्धिपत्र

मगदूम सर आले तेव्हा पुस्तकांची वार्षिक मोजणी चालू होती.
रिक्षातून एक खोकं उतरवलं, तासगावच्या बेदाण्याचं,
वर द्राक्षाचा घड छापलेला,
आत एकोणतीस वर्षांचं त्रैमासिक, 'शिळापट'.
वर्गणीदार एकशे त्रेचाळीस.
त्यातले हयात किती, पोस्टमनला ठाऊक.

"खणभागातला छापखाना मिटला, बाई.
पोरं म्हणतात, ढगात ठेवा आता.
ढगाचं मला सांगू नका,
एकोणीस साली बघितलाय की मी ढग."

अंकांच्या कडेवर, खालून चार बोटं,
चहासारखी एक रेघ.
कृष्णेनं नेऊन परत केलेले अंक,
मुदत उलटल्यावर, दंड न भरता.

मी म्हटलं, ढग नाही हो सर,
वरच्या मजल्यावर एक यंत्र आहे,
एक प्रत तिथं, एक पुण्यात,
एक जिथं नदीच नाही अशा गावी.
आणि प्रत्येक लेखाला कायमचा पत्ता.
"कायमचा?" सर हसले.
"माझी घरं तीनदा बदलली.
कायमचा पत्ता फक्त वीरगळाला असतो."
खर्च विचारला.
वीज कॉलेजची, म्हटलं, स्कॅनर जुनाच,
आणि दुपार माझी.

यंत्राला ळ येत नाही.
वीरगळाचा वीरगल करतं, वेताळाचा वेताल,
माळावरची देवळं
मालावरची देवलं होऊन बसतात.
रुबिना सतारमेकर, एस.वाय.ची, मिरजेहून येते,
एकेक ळ जागेवर बसवत जाते.
घरी तिचे अब्बा सतारीचे पडदे बांधतात,
तसाच कान देऊन, तसंच थांबत.

संमतीपत्रं हे वेगळंच काम.
सत्तावीस लेखक. अकरा गेलेले.
कवठेमहांकाळच्या एका मास्तरांच्या बायकोनं
फोनवर विचारलं, "म्हणजे फुकट वाचणार सगळे?"
होय, म्हटलं, भीत भीत.
"मग बरंच की.
विकत घेऊन कुणी वाचलं नव्हतं."

वर्ष अकरा, अंक तीन कुठंच मिळाला नाही.
धारवाडला पत्र टाकलं, कोल्हापूरला माणूस धाडला.
शेवटी ती जागा मोकळी ठेवली
आणि मोकळ्या जागेलाही पत्ता दिला.

मग मार्चमध्ये, परीक्षेच्या गर्दीत,
जत तालुक्यातून भाग्यश्री बिरादार नावाच्या मुलीचा निरोप :
'पान एक्केचाळीसवरचा दगड आमच्या गावचा.
आजोबा बोट करून दाखवायचे, इथं होता.
तिथनं आता रस्ता गेलाय.
फोटो मोठा करून बघितला.
घोड्याचा पुढचा पाय दिसतो.
दगड मी पहिल्यांदाच पाहिला.'

सरांना वाचून दाखवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, हातातच ठेवला.
पंखा एका पात्यानं कुरकुरत होता.
तो दगड त्यांनीच मोजला होता,
सायकलवरून जाऊन, धोतराच्या सोग्यानं धूळ झाडून,
वितीनं, कारण टेप घरी राहिला होता.

"शुद्धिपत्र घ्या," म्हणाले. संपादकाचा आवाज.
"वर्ष सात, अंक दोन, पान एक्केचाळीस,
ओळ नववी.
'वेशीबाहेर उभा आहे' याऐवजी
'उभा होता' असे वाचावे."

रुबिनानं विचारलं, मूळची ओळ खोडू का सर?
बराच वेळ काही बोलले नाहीत.
"नको. दोन्ही राहू देत.
ज्या दिवशी लिहिलं त्या दिवशी
तो उभाच होता."

जाताना बेदाण्याचं खोकं मागून घेतलं.
रिकामंच होतं.
"असू दे," म्हणाले,
आणि काखेत मारून जिना उतरले.